रोल धुवायला टाकण्यापूर्वी

पावसाळ्यात बोरी नदी भरून आली की नळदुर्गच्या किल्ल्यात दोन धारा कोसळायला लागतात. एकीला लोक नर म्हणतात, दुसरीला मादी. नदी अडवणारा बांध आणि त्या बांधाच्या पोटात बसवलेला पाणीमहाल ही इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातली, १६१३ च्या सुमाराची बांधणी. डोक्यावरून नदी वाहत असते आणि खाली महालात माणूस कोरडा उभा राहून खिडकीतून पाण्याचा पडदा बघत असतो. साहजिकच सुटीच्या दिवशी सोलापूर, तुळजापूर, उमरगा, अक्कलकोट अशा चहूबाजूंनी गाड्या लागतात आणि आलेला प्रत्येक जण खिशातून मोबाइल काढतो. पाठ धबधब्याकडे, तोंड स्क्रीनकडे.

अशा गर्दीत कुणी तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा गळ्यात अडकवून, त्यात छत्तीस फोटोंचा रोल भरून उभा राहिला तर त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दाखवा बरं, कसा आलाय?" त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. फोटो कसा आला ते रोल संपल्यावर, धुतल्यावर कळणार. आणि कदाचित आलेलाच नसेल. रोल नीट अडकला नसेल, उजेड शिरला असेल, झाकण लेन्सवरच राहिलं असेल.

एवढं सगळं माहीत असूनही माणसं या कॅमेऱ्याकडे वळताहेत. कपाटातला जुना निकॉन किंवा याशिका पुसून घेणारे पन्नाशीतले हौशी त्यात आहेतच. पण पुढे आहेत ती विशी-पंचविशीतली मुलं, ज्यांनी घरात कधी रोल पाहिलेला नाही. त्यांच्या दृष्टीने ही पहिलीच भेट. डिजिटलच्या ऐन भरात फिल्मकडे जाणाऱ्या या सगळ्यांसाठी विषयाची ओळख करून द्यायची तर ती कोडॅकच्या रॉचेस्टरहून किंवा फुजीच्या टोकियोहून न करता नळदुर्गहून करणं सोयीचं आहे. काळा दगड आणि पांढरं पाणी एका चौकटीत आणणं ही फिल्मची खरी परीक्षा, हे एक कारण. दुसरं असं की या गावात राहून गेलेल्या एका माणसाचं नाव भारतातल्या फोटोग्राफीच्या आरंभीच्या ग्रंथांवर छापलेलं आहे. त्याच्याकडे येऊच, आधी फिल्म मेली कशी आणि उठली कशी ते बघू.

मेली असं समजायला भरपूर जागा होती. ईस्टमन कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या टेपवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. कंपनीने ते प्रकरण फारसं मनावर घेतलं नाही. पुढे त्याच शोधाने बाजार पालटला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला अमेरिकेतल्या दिवाळखोरी कायद्याचा आसरा घ्यावा लागला. त्याआधी, २००९ मध्ये, कोडाक्रोम ही गाजलेली रंगीत फिल्म तिने बंद केली होती. कारखान्यातून निघालेला कोडाक्रोमचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने मागून घेतला आणि त्यातल्या काही फ्रेम मुंबईत खर्च केल्या. अमिताभ बच्चन आणि आमिर खान त्या रोलवर आहेत. तो धुतला गेला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, पार्सन्स नावाच्या लहानशा गावात. कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब तिथे उरली होती. २०१० सरता सरता तिनेही नवे रोल घेणं थांबवलं.

आपल्याकडची कथाही फार वेगळी नाही. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स नावाचा सरकारी कारखाना होता. १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं आणि 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म, फोटोचा कागद, एक्स-रे फिल्म बाजारात आली. बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री हा त्या काळच्या मध्यमवर्गीय घरातला कॅमेरा : एका रोलमध्ये बाराच फोटो, आणि उजेडाचे ठोकळ आडाखे बांधून खटका दाबायचा. मग रंगीत रोल आले, आयात खुली झाली, शेवटी मोबाइल आला. उटीचा कारखाना तोट्यात रुतत गेला आणि बंद पडला.

त्यानंतर जे झालं ते फारसं कुणी गृहीत धरलं नव्हतं. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्ये परत आणली. फुजीने २०१९ मध्ये ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म नव्या रूपात काढली. इल्फर्डच्या फिल्म बनवणाऱ्या हार्मन या इंग्लिश कंपनीने २०२३ च्या अखेरीस फिनिक्स नावाची नवीकोरी रंगीत फिल्म आणली. आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क रोलवर चालणारा नवा कॅमेरा विकायला काढला. त्यात फ्रेम निम्म्या आकाराची, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. महाग झालेल्या रोलचा कंपनीनेच केलेला हा विचार म्हणायचा.

यात फॅशनचा भाग आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. रोलवर काढलेला फोटो शेवटी इन्स्टाग्रामवरच टाकला जातो आणि त्याखाली फिल्मचं नाव मिरवलं जातं. पण निव्वळ फॅशनवर कारखाने पुन्हा सुरू होत नसतात.

आता तो नळदुर्गचा माणूस. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर धाराशिवकडचा हा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. त्याचा कारभार पाहायला फिलिप मेडोज टेलर आला आणि नळदुर्गला राहिला. ठगांच्या कबुलीजबाबावरची त्याची कादंबरी १८३९ मध्येच इंग्लंडात गाजलेली होती. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवलं गेलं. पण या भागाने त्याला सोडलं नाही. १८६३ मध्ये आलेल्या त्याच्या 'तारा' या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे. नळदुर्ग तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं, हे आज तिथल्या बसस्थानकावर उभं राहून खरं वाटत नाही.

आणि फोटोग्राफी? १८६६ मध्ये लंडनहून विजापूरच्या वास्तूंवर एक भलामोठा ग्रंथ निघाला. फोटो कर्नल बिग्ज आणि मेजर लॉक यांचे, स्थापत्यावरचं लेखन जेम्स फर्ग्युसनचं आणि इतिहास लिहिला होता मेडोज टेलरने. त्याच वर्षी धारवाड आणि म्हैसूर भागातल्या वास्तूंवर तसाच दुसरा ग्रंथ आला. त्यातही इतिहास टेलरचाच. ज्या घराण्याने बोरीवर बांध घातला त्याच घराण्याची राजधानी कॅमेऱ्यातून जगापुढे येत होती, आणि तिची ओळख करून देणारा माणूस त्या बांधाशेजारी काही वर्षं राहून आलेला होता. शाईने फोटो छापण्याची सोय अजून रुळलेली नसल्याने या ग्रंथांच्या पानांवर खरे फोटो हाताने चिकटवलेले असत.

त्या काळी फोटो काय कष्टाने काढले जात याची कल्पना आजच्या छत्तीसच्या रोलवाल्यालाही येणार नाही. तेव्हाची एक चालती पद्धत म्हणजे काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ती काच बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. म्हणजे फोटो काढायला जाणाऱ्याबरोबर अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि हे सगळं वाहणारे गडी असा तांडाच निघायचा. दख्खनच्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ लागणार?

मराठवाड्यापुरतं सांगायचं तर फोटोचं मोल कळायला अजिंठ्यासारखं उदाहरण नाही. मेजर रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास तिथे पोहोचला आणि लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवत बसला. त्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळून गेल्या. मधल्या काळात मात्र गिलने कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेल्या, दोन डोळ्यांनी पाहायच्या स्टिरिओ फोटोंची पुस्तकं १८६४ मध्येच निघाली होती. ती राहिली. गिलचं नाव निघालं की आपल्याकडे पारोशी जुळलेल्या त्याच्या प्रेमाची गोष्ट सुरू होते, तिच्यावर कविता होते, सिनेमाही होतो. या गृहस्थाच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मराठी माणूसही या विद्येपासून लांब नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते आणि स्वतः फोटो काढत. पाठोपाठ एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. दादासाहेब फाळके यांचं नाव सिनेमासाठी घेतलं जातं, पण त्यांची तयारी अंधाऱ्या खोलीतली होती : बडोद्याच्या कलाभवनातलं शिक्षण, गोध्र्याचा फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यातली नोकरी. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने होत्या. घरच्या घरी फिल्म धुणाऱ्या आजच्या मुलामुलींना वडीलधारं कुणी हवंच असेल तर या बाईंचं नाव घ्यावं.

निजामाच्या राज्यात, ज्यात नळदुर्ग १८६० मध्ये परत गेलं, सर्वांत मोठं नाव राजा दीनदयाळ यांचं. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळवल्या. दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. म्हणजे ते गेल्यावर ८४ वर्षं या काचा कुणीतरी फुटू न देता सांभाळल्या होत्या. आज त्यांवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. विषयाचं मर्म इथे आहे, आणि ते कॅमेऱ्यापेक्षा निगेटिव्हशी जास्त निगडित आहे.

ते मर्म उलगडण्याआधी पुन्हा पाणीमहालाशी जायला हवं, कारण फिल्म हातात घेणाऱ्याला तिचा स्वभाव कळायला याहून चांगली शाळा जवळपास नाही.

समजा, पाऊस उघडलाय, ऊन पडलंय आणि कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल आहे. जुना ठोकताळा असा की स्वच्छ उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवायचं आणि शटर रोलच्या आकड्याजवळचं, म्हणजे १/५००. या हिशेबाने पाण्याचा थेंब न् थेंब गोठतो. पण बांधाचा ओला काळा दगड आणि खिडक्यांच्या आतला अंधार पार बुडून जातो. मोबाइल अशा वेळी एका दाबात अनेक फोटो घेतो, त्यांतले उजेड-सावलीचे तुकडे जुळवतो आणि सगळं छान दिसणारं चित्र हाती देतो. फिल्मला हे जमत नाही. काय वाचवायचं ते माणसाने ठरवायचं असतं. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास या ठरवण्याचं एक शास्त्रच बसवलं. त्याचं सार इतकंच : एक्स्पोजर सावलीकडे बघून द्यायचं आणि उजेड आटोक्यात ठेवायचं काम रोल धुताना करायचं. नळदुर्गला याचा अर्थ, मीटर दगडावर धरायचा, धारेवर नाही. आणि रोल डेव्हलपरमध्ये थोडा कमी वेळ ठेवायचा. कृष्णधवल निगेटिव्ह जास्तीचा उजेड पुष्कळ सोसते, उपासमार मात्र सोसत नाही.

पाणी दुधासारखं, सलग हवं असेल तर गणित बदलतं. मग उन्हाची वेळ टाळायची. दाट ढगांखाली १०० चा रोल, एफ २२ आणि १/८ असा हिशेब बसतो. इतक्या हळू शटरला कॅमेरा हातात धरून चालत नाही, तिवई हवी. आणि कठड्यावर तुषार उडत असताना दर फोटोनंतर लेन्स पुसायला कोरडं फडकंही हवं.

महालाच्या आत तर आणखी एक गंमत आहे. एका सेकंदापेक्षा जास्त वेळ उजेड घ्यायची पाळी आली की फिल्म दमते. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट परिणाम होत नाही. इल्फर्डच्या एचपी फाइव्ह या कृष्णधवल रोलवर मीटर ८ सेकंद म्हणालं तर प्रत्यक्षात १५ सेकंदांच्या आसपास द्यावे लागतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा आतला फोटो काळा येतो, आणि खापर फुटतं बिचाऱ्या जुन्या कॅमेऱ्यावर.

रोल संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न शहरात वेगळा आणि तालुक्याच्या गावात वेगळा. नव्वदीच्या दशकात गावोगावच्या स्टुडिओच्या दारावर कलर लॅबची पाटी होती. लग्नाचे, बारशाचे रोल तिथे पडत आणि चार दिवसांनी पाकीट मिळे. आज रंगीत रोल बहुधा पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवावा लागतो. कृष्णधवल मात्र घरी धुता येतो, आणि धुवावाच. त्याला मोठी अंधारी खोलीसुद्धा लागत नाही. काळ्या कापडाच्या, बाह्या असलेल्या पिशवीत हात घालून रोल चाचपडत रिळावर गुंडाळायचा, रीळ झाकणाच्या टाकीत बंद करायचं. नंतरचं सगळं उजेडात. डेव्हलपर, मग थांबवण्यासाठी पाणी किंवा सौम्य आम्ल, मग फिक्सर, ज्याला जुने फोटोग्राफर सरसकट हायपो म्हणत, आणि शेवटी भरपूर पाणी.

पुस्तकातले सगळे वेळ मात्र २० अंश सेल्सिअसला दिलेले असतात, आणि इथे मराठवाड्याचा पेच सुरू होतो. एचपी फाइव्हला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. वैशाखात नळाला येणारं पाणी तिशीच्या वर असतं. पाणी कोमट झालं की रसायनाचा वेग वाढतो, वेळ पाच मिनिटांच्या खाली उतरतो आणि निगेटिव्हवर डेव्हलपिंग असमान होतं. आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसतात. उपाय साधा आहे. माठातलं पाणी घ्यायचं, लागलं तर बर्फाने आणखी उतरवायचं आणि तिन्ही रसायनं एकाच तापमानाला ठेवायची. गरम-थंड धक्का बसला तर फिल्मवरचा मुलामा सुरकुततो. शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळताना फिल्मवर पांढरे ठिपके सोडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही गॅरेजजवळ मिळतं, ते या कामाला उत्तम.

डेव्हलपर मिळाला नाही तर? १९९५ मध्ये रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेतल्या एका वर्गाने इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या मिश्रणात फिल्म धुऊन दाखवली. त्यात पुढे कुणी क जीवनसत्त्वाची पूड घातली आणि काम आणखी चोख झालं. वास मात्र भयंकर सुटतो, तेव्हा घरातल्यांची परवानगी आधी काढावी. फिक्सरला असा सोयीचा स्वयंपाकघरातला पर्याय नाही, तो विकतच आणावा लागतो. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नये. निगेटिव्हमधून निघालेली चांदी त्यात उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जीवांना बाधते.

सिनेमाच्या फिल्मचे मोठे डबे फोडून, छोट्या कॅसेटमध्ये भरून विकलेले रोलही हल्ली मिळतात. स्वस्त पडतात म्हणून मुलं ते घेतात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो. तो आधी सोड्याच्या पाण्याने काढावा लागतो. हे माहीत नसलेल्या लॅबमध्ये असा रोल दिला तर तो स्वतः बिघडतोच, शिवाय लॅबचं रसायनही नासवतो. देताना सांगून द्यावा.

खर्चाचं लपवून उपयोग नाही. रंगीत रोल, कुरिअर, धुलाई आणि स्कॅनिंग धरलं तर एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये सहज पडतात. हौस करणाऱ्याने हिशेब मांडूनच उतरावं. 'फिल्मचा फोटो जिवंत असतो, डिजिटल मेलेला', ही भाषा मात्र ऐकून सोडून द्यावी. किल्ल्याच्या पडझडीची नोंद करायची असेल, नवबुरुजाच्या नऊ पाकळ्या मोजून-मापून टिपायच्या असतील, उपळी बुरुजावरच्या तोफांचा तपशील हवा असेल तर डिजिटल कॅमेराच न्यावा. ते काम तो अधिक चोख, अधिक स्वस्तात करतो. अंधारात, वेगात, रंगांच्या अचूकतेत आजच्या सेन्सरने फिल्मला मागे टाकलेलं आहे आणि त्यावर वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग फिल्मकडे जायचं कशासाठी? एक कारण शिकण्याचं आहे : छत्तीसच फोटो असले की माणूस खटका दाबण्याआधी बघतो, मीटर दगडावर धरतो, ढगाची वाट पाहतो. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांसारख्यांच्या पिढीची नजर याच शिस्तीत तयार झाली. पण हे कारण अर्धंच. डिजिटलवरही कुणी स्वतःला छत्तीस फोटोंचं बंधन घालून घेऊ शकतो. दुसरं आणि भक्कम कारण निगेटिव्हचं आहे. रोल धुतल्यावर हातात एक वस्तू येते. ती वाचायला चार्जर, पासवर्ड, ॲप, कंपनीचं खातं यांपैकी काहीही लागत नाही. उजेडासमोर धरली की दिसते. डिजिटलच्या दोन दशकांत बिघडलेल्या हार्ड डिस्क, न वाचल्या जाणाऱ्या सीडी आणि बदललेल्या मोबाइलबरोबर गेलेले बाळाच्या पहिल्या वर्षाचे फोटो, यांचा अनुभव नसलेलं घर विरळा.

म्हणूनच आजच्या परतण्यातली एक गोष्ट फार खटकते. रोल लॅबला जातो, तिथे धुऊन स्कॅन होतो, स्कॅन मोबाइलवर येतं आणि काम झालं असं समजून निगेटिव्ह लॅबमध्येच सोडली जाते. देशोदेशीच्या लॅबवाल्यांची ही तक्रार आहे : लोक निगेटिव्ह न्यायला येतच नाहीत, आणि काही महिन्यांनी त्या टाकून द्याव्या लागतात. फिल्मचे सगळे तोटे सोसायचे आणि तिचा एकमेव निर्विवाद फायदा लॅबच्या कचऱ्यात टाकून यायचा, याला काय म्हणावं?

निगेटिव्ह अमर नसते, हेही सांगितलं पाहिजे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह केवढा तरी ठेवा गेला. घरातल्या फिल्म नायट्रेटच्या नसतात, त्या अशा पेटत नाहीत. पण ओल लागली की त्यांवर बुरशी चढते, आणि जुन्या ॲसिटेटच्या पट्ट्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास सुटला तर त्या कुजू लागल्या असं समजावं. रंगीत निगेटिव्हचे रंग उतरतात. चांदीची कृष्णधवल निगेटिव्ह नीट धुतलेली असेल तर कितीतरी पिढ्या टिकते. याहून मोठा शत्रू भंगारवाला. स्टुडिओ बंद करताना पोत्यांनी भरलेल्या निगेटिव्ह चांदीसाठी विकल्या जातात, आणि गावाचं चाळीस-पन्नास वर्षांचं रूप एका दुपारी वजनावर जातं.

नळदुर्गसारख्या गावात हे रूप साधं नाही. पौष पौर्णिमेला इथल्या मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा भरते, आणि आपल्या यात्राजत्रांत रंगवलेला पडदा लावून फोटो काढून देणारे येत असत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाईला निघालेल्या भारतीय फौजा सोलापूरकडून आल्या आणि हैदराबादच्या वाटेवरचा बोरीवरचा पूल त्यांनी इथेच शाबूत ताब्यात घेतला. पर्यटकांची ये-जा वाढण्याआधी किल्ल्यात काय होतं, बांधावर किती झाडी होती, बांधापलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याच्या भिंती कुठवर उभ्या होत्या, याचा पुरावा सरकारी दप्तरापेक्षा एखाद्या घरच्या ट्रंकेत, सहलीच्या रोलमध्ये सापडण्याची शक्यता जास्त.

तेव्हा नवा रोल विकत घेण्याआधी घरातली ट्रंक उघडावी. निगेटिव्हच्या पट्ट्या कडेला धरून, कोऱ्या कागदी पाकिटात घालाव्यात. प्लास्टिकच्या जुन्या पिशवीत ठेवू नयेत. पाकिटावर शिसपेन्सिलीने, पट्टी आत घालण्यापूर्वी, गाव, वर्ष आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहावीत. ही नावं सांगणारी आजी किंवा काका अजून घरात असतील तर ते काम याच आठवड्यात करावं. पाकिटं लोखंडी कपाटात, वरच्या कोरड्या खणात ठेवावीत. ओळखीचा कुणी स्टुडिओवाला दुकान आवरत असेल तर भंगारवाल्याआधी त्याला गाठावं. आणि नळदुर्गहून परतल्यावर रोल धुवायला टाकाल तेव्हा लॅबच्या पावतीवर दोनच शब्द जास्तीचे लिहून घ्या : निगेटिव्ह परत.